डबा दुकानाच्या पत्त्यावर

८ जानेवारी

प्रिय ठमे,

डबा पोचला. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलास हे फार शहाणपणाचं केलंस. घरी आला असता तर ह्यांनी आधी त्याचं वजन केलं असतं, मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असतं, आणि मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नसतं.

इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, उजवीकडे कललेलं, शाळेतल्या सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असल्यासारखं. काउंटरवर बसूनच वाचलं. समोर एक गृहस्थ फ्रेम लावून आरशात बघत होते आणि मी आपली डोळे पुसतेय. मालक म्हणाले, "बाई, चष्मेवाल्यांनाच दिसेनासं झालं तर गिऱ्हाइकानं कुठं जायचं?" मी म्हटलं, सर्दी आहे.

माझ्या यकृताची बातमी तुला मामीकडून कळली हे वाचून हसू आलं. मामीच्या तोंडी म्हणजे माझं यकृत एव्हाना अर्धं गळून पडलं असेल. तसं काही नाही. पोट दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात यकृतावर चरबी साठलीय असं निघालं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आमच्या घरात दारूची बाटली सोडा, बाटलीचं बूचसुद्धा आलेलं नाही. त्या म्हणाल्या, न पिणाऱ्यांनाही हे होतं, वजन आणि रक्तदाब वाढलेला असला की हे पाहुणे बऱ्याचदा जोडीनं येतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या माझ्या आधीपासूनच चालू आहेत. एक साधी, आणि एक अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. त्या तशाच ठेवायच्या, गोड बंद, मीठ कमी, रोज चालायचं आणि वजन हळूहळू उतरवायचं. औषध असं दुसरं काही नाही म्हणाल्या.

झालं. ह्यांना निवृत्तीनंतर प्रथमच काम मिळालं. जन्मभर वजनमापं तपासत बाजार पालथा घातला, दुकानदार ह्यांना पाहिलं की तागडी पुसायला घ्यायचे. आता त्या बाजारात मी एकटीच दुकानदार उरलेय. पावाचा तुकडासुद्धा काट्यावर जातो.

यकृत धुऊन काढणारं तुझं चूर्ण मी दुकानात ठेवते, लेन्सच्या रिकाम्या खोक्यामागे. तू लिहिलंस तसं सकाळ-संध्याकाळ चमचाभर, कोमट पाण्यात. डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही, घरगुती औषध म्हटलं की त्या भुवई चढवतात. झाकण उघडलं आणि ज्येष्ठमधाचा वास आला, आणि मी एकदम शाळेत. गाण्याच्या तासाआधी सिस्टर आम्हा सगळ्यांना कांडी द्यायच्या, घशासाठी. तू चावून टाकायचीस. मी गालात धरून ठेवायचे, थेट घरी येईपर्यंत. साखर बंद झाल्यापासून एवढं गोड माझ्या जिभेला लागलं नव्हतं. अर्धं बरं मला तेवढ्यानंच वाटलं.

आईच्या बांगड्या वाटल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही, तूही लिहू नकोस. वाटणी सारखी व्हावी म्हणून ह्यांनी त्या तागडीत टाकल्या, एवढंच मी जाणते. तू तुझी बांगडी परत पारड्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "भावोजी, आईलाही बसवायचं राहिलं की यात." ते त्यांना अजून बोचतं. तुझं नाव घरात निघत नाही. पण डबा रोज उघडतो.

तुझी,
ताई

३० जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं चूर्ण नियमानं चालू आहे. वजनही थोडं उतरलं, ह्यांनी दोनदा काटा शून्यावर आणून बघितलं, तेव्हा पटलं त्यांना. पण एक विचित्रच झालंय. रक्तदाब वाढला. थोडाथोडका नाही, डॉक्टरीणबाईंनी एका हाताचा घेतला, मग दुसऱ्या हाताचा, मग मला पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा पहिल्या हाताचा.

त्यांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना, बाहेरचं काही खाता का, दुसरं कुठलं औषध, काढा, चूर्ण? हे शेजारीच बसले होते. मी नाही म्हटलं. आता ह्यांच्यासमोर मी काय सांगणार होते, की तुमच्या मेहुणीनं पाठवलंय?

 घरी आल्यावर हे जिना चढता चढता म्हणाले, "खारं कुठे खातेस?" मी म्हटलं, कुठेच नाही. म्हणाले, "यंत्राचा काटा खोटं बोलत नाही." मी म्हटलं, मग मी बोलते का? त्यावर ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. बाजारातल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं, ठमे. दुसऱ्या दिवसापासून मिठाची बरणी कुलुपात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गोळ्यांची डबी आता ते भरतात. पूर्वी मी माझी पाकिटातून काढून घ्यायचे. आता ते रविवारी चष्मा लावून बसतात, गोळ्या काढतात, वारांच्या कप्प्यात टाकतात आणि पाकिटं फेकून देतात. मागच्या आठवड्यात साधी गोळी बदलली. आधी पांढरी होती, आता फिकट पिवळी. मी विचारलं तर म्हणाले, कंपनी बदलली. कंपनी बदलली की रंग बदलतो आणि रंग बदलला की रक्तदाब वाढतो, असं काही असतं का गं?

मी काही म्हणत नाहीये. फक्त तुला सांगतेय.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तू लिहिलंस, "त्यांच्यावर लक्ष ठेव." मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र पर्समध्ये खाली, रुमालाच्या घडीत ठेवलं. त्यानंतर मी खरंच लक्ष ठेवायला लागले, आणि एकदा लक्ष ठेवायचं ठरवलं की माणूस नुसता खाकरला तरी त्यात काहीतरी दिसतं.

हे दुपारी चालायला जातात. पूर्वी कधी जात नसत. मी दुकानात असते तेव्हाच जातात. एकदा मी डोकं दुखतं म्हणून लवकर निघाले, तर हे कोपऱ्यावरून येताना दिसले, आणि मला बघून हातातली पिशवी मागे नेली. साठी उलटलेला माणूस, पोरासारखा. काय आहे विचारलं तर म्हणाले, स्क्रू. स्क्रू कशाला हवेत विचारलं तर म्हणाले, लागतात.

टेबलाच्या खणालाही कुलूप लागलंय. एवढ्या वर्षांच्या संसारात आमच्या घरात एवढी कुलपं कधी नव्हती. फोन आला की गॅलरीत जातात. परवा काचेआडून एवढं ऐकू आलं, "नाही, तिला काही कळलेलं नाही."

पिवळी गोळी मी रुमालात बांधून औषधवाल्याकडे नेली. त्यानं उलटसुलट केली, म्हणाला, बरोबर आहे, तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं. पण तो ह्यांच्या ओळखीचा. मग मी दुसऱ्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन माझ्याच पैशांनी नवीन पाकीट आणलं. आता डबीतली गोळी तळहातावर घेते, ह्यांच्यासमोर पाणी पिते, आणि ती रुमालात टाकून दुकानात गेल्यावर माझी घेते. शाळेत कॉडलिव्हरचं तेल असंच लपवायचो आपण, आठवतं? सिस्टरांना कळायचंच. ह्यांना कळत नाही, की कळूनही गप्प बसतात, ते मला कळत नाही.

डॉक्टरीणबाईंनी साधी गोळी वाढवून दिलीय. तरी सकाळी डोकं जड. पायात गोळे येतात. जिन्यावर मांड्या कापसाच्या झाल्यासारख्या वाटतात. संध्याकाळी चप्पल पायात शिरत नाही.

तू लिहिलंस तुझंही डोकं दुखतं, पायांवर सूज असते आणि तुलाही आता रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वय झालं गं आपलं. चूर्ण तू दिवसातून तीनदा घेतेस म्हणालीस, मीही तसंच करते. पहिला डबा संपत आलाय.

तुझी,
ताई

६ मार्च

प्रिय ठमे,

तुझी खोली खरंच रिकामी आहे का? तू "ये" असं लिहिलंस, पण तू रागात किंवा मायेत असलीस की काहीही लिहितेस, म्हणून विचारते.

आता तर गोळी माझी मी आणलेली. तरी आकडा खाली येत नाही. म्हणजे गोळीत काही नाही. मग जेवणात असणार. स्वयंपाक ते करतात. मी आल्यावर ताट वाढलेलं असतं, आणि ते स्वतः माझ्याबरोबर जेमतेम दोन घास खातात. मी म्हटलं, तुम्ही जेवत का नाही? म्हणाले, भूक नाही. माणूस स्वतःच्या हातचं का खात नाही, तूच सांग.

मी वेडी झालेय का? काल मी त्यांचं आणि माझं ताट बदललं. त्यांनी बघितलं. माझ्या ताटातलं सगळं संपवलं, हळूहळू, माझ्याकडे बघत. मग उठून हात धुतले आणि म्हणाले, "उद्याचंही ताट बदलून घे." मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून संशय गेला असं झालं नाही.

एवढ्या वर्षांत हे माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेले आठवत नाहीत. माझा ताप उतरेपर्यंत खुर्चीत बसून राहणारा माणूस. तो हाच का, असं मी पाठमोऱ्या माणसाकडे बघून विचारते.

महिनाअखेरीला येईन. दुकानात सांगून ठेवते. घरी सांगणार नाही. नवा डबा पाठवू नकोस, तिथे आल्यावर घेईन. तू पाठवलेला दुसरा डबा तोवर पुरेल.

तुझी,
ताई

२० मार्च

प्रिय ठमे,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच रागावून टाकू नकोस.

मी दुकानात पडले. एका आजींच्या नाकावर चष्मा बसवत होते, पाय एकदम माझे राहिलेच नाहीत. मालकांनी टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर त्यातलं पोटॅशियम पार तळाला गेलेलं. ते कमी झालं की स्नायू साथ सोडतात, आणि हृदयही स्नायूच आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हृदयाला तारा लावून दोन दिवस ठेवलं.

मालकांनी माझी पर्स आणली, आणि माणूस भला असल्यामुळे खोक्यामागचा डबाही आणला. "बाईंचं औषध राहायला नको," असं म्हणून ह्यांच्या हातात दिला.

हे डबा घेऊन खिडकीशी गेले. झाकण उघडलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं. जन्मभर बाजारात फिरलेली जीभ ती. म्हणाले, "ज्येष्ठमध आहे. नुसतं ज्येष्ठमध. कुणी दिलं?"

मी म्हटलं, "ठमीनं."

ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिले. ते केव्हाच लागलं होतं. मग म्हणाले, "माझ्यामुळे लपवलंस."

डॉक्टरीणबाईंनी डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. ठमे, नीट वाच. ज्येष्ठमध थोडं, घशापुरतं, ठीक. रोज चमचे चमचे घेतलं तर रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते आणि पोटॅशियम निघून जातं. त्यात माझी ती पाणी काढणारी गोळी. तीही पोटॅशियम काढते. दोन्ही मिळून मला उपसत होती. डॉक्टर गोळी वाढवत होत्या आणि मी चमचा वाढवत होते. यकृत त्यानं धुतलं जात नाही. वजन उतरलं ते चालण्यानं आणि ह्यांच्या काट्यानं.

ह्यांचं गुपितही फुटलं. खणात खाऱ्या बिस्किटांचे पुडे निघाले. मला बरं वाटावं म्हणून माझ्याबरोबर अळणी जेवायचं ठरवलं होतं त्यांनी, ते काही जमेना, म्हणून दुपारी बाहेर जाऊन तळलेलं खायचे. गॅलरीतले फोन त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचे, तोही बायकोला चोरून खायला यायचा. हे सांगताना मान वर केली नाही त्यांनी. मी हसले तर छातीवरच्या तारा हलल्या आणि नर्स धावत आली.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "तिला माहीत नसेल कशावरून?" आणि मी लगेच "छे" म्हटलं नाही. पर्समधलं तुझं वाक्य आठवलं, त्यांच्यावर लक्ष ठेव. मनात आलं, हिनंच माझं लक्ष तिकडे वळवलं का? ती दुपार मी भिंतीकडे तोंड करून काढली. मग एकदम आठवलं. तुझी डोकेदुखी. तुझे सुजलेले पाय. तुझी नवी गोळी. तीनदा चमचा. तू मला जे पाठवलंस तेच तू खातेयस, आणि माझ्यापेक्षा जास्त.

म्हणून दवाखान्यातूनच फोन केला. तू माझा आवाज ओळखलास, मी चूर्ण म्हणताच तू म्हणालीस, "आता तागडी माझ्या डब्यावर आली का?" आणि ठेवून दिलास. त्यानंतर उचलत नाहीस.

ठमे, मी आरोप करत नाही. तू प्रेमानं दिलंस, मी प्रेमानं घेतलं. चूर्ण आजपासून बंद कर. रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नकोस. जवळच्या डॉक्टरकडे जाऊन रक्तातलं पोटॅशियम तपासून घे आणि ज्येष्ठमध किती घेत होतीस ते खरं सांग. मी खोटं बोलले, त्यापायी पडले.

तुझी,
ताई

२६ मार्च, तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर

ठमे,

माझं पत्र न उघडता परत आलं. पाकिटावर तुझ्याच अक्षरात "घेतलं नाही". मी ते अक्षर उजेडात धरून बघितलं. ते कललेलं नाही. ते थरथरलेलं आहे.

म्हणून आले. हे खाली रस्त्यापलीकडे बाकावर बसलेत. वर येऊ का म्हणाले, मी नको म्हटलं. रक्तदाबाचं यंत्र पिशवीत त्यांनीच घातलं, डॉक्टरीणबाईंच्या यंत्राशी ताडून बघून. म्हणाले, "तिला सांग, मी वर येणार नाही, पण आकडा काय आला ते मला खिडकीतून सांगा." एवढ्यापुरतं तरी त्यांचं ऐक.

मी तीनदा घंटा वाजवली. शेजारच्या बाई म्हणाल्या, आहेत की घरात, चार दिवसांत खाली उतरलेल्या दिसल्या नाहीत, दूधवाल्यालाही आतूनच नको म्हणाल्या. नंतर तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग काहीच नाही. तू रागानं उठत नाहीयेस की तुझ्यानं उठवत नाहीये, हे मला इथून कळत नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, राग आहे, जाईल. आता मी कुणाच्याही गप्प बसण्यावर विश्वास ठेवत नाही.

ऐक. तुझं चूर्ण तुझा रक्तदाब वाढवतंय आणि पायातलं बळ काढून घेतंय. मलाही तेच झालं, दवाखान्यात होते. कुणी जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही, आणि ह्यांनाही म्हणू देत नाही. एवढंच पुरे. बाकी भांडण तू बरी झालीस की करू, तुझी पाळी आधी.

न्यायला टॅक्सी खाली थांबवून ठेवलीय. मालकांना सांगून रजा घेतलीय, किती दिवस ते सांगितलेलं नाही.

हा कागद मी दाराखालून सारतेय, पण पूर्ण नाही. एक टोक माझ्या हातात धरून इथे फरशीवर बसलेय. दार उघडू नकोस हवं तर. फक्त इथपर्यंत ये आणि तिकडून ओढ. ओढलास तर कळेल की तू चालत आलीस. मग मी घाई करणार नाही, तू म्हणशील तितका वेळ बसेन.

आणि कागद हलला नाही, तर ह्यांना वर बोलावून दार तोडते. मग रुसायचं तेवढं रुस.

ओढ, ठमे.

ताई